राऊत सरांचे पन्नास हेलकावे

"यातला खोटं लिहिणारा माणूस तुम्ही, की दुसरा?" राऊत सरांनी मला पहिल्याच भेटीत विचारलेला प्रश्न हा.

मी वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या बाहेरच्या वीज सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. बावीस वर्षं झाली. दर तासाला मीटर बघायचे आणि व्होल्टेज, प्रत्येक फीडरचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनचा भार लॉगबुकात लिहायचा, असं काम. सर त्या दिवशी आले होते ते तक्रार घेऊन. त्यांच्या बागेतला पंप सकाळी नीट उचलत नव्हता. एक सडपातळ म्हातारा, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल. लॉगबुक बघू का म्हणाले. बाहेरच्या माणसाला ते दाखवायचं नसतं. पण त्यांनी ते अशा आवाजात मागितलं की मी त्यांच्याच हाताखालचा माणूस असल्यासारखं पुढे सरकवलं.

दहा मिनिटं ते रकान्यांवरून बोट फिरवत गेले. मग तो प्रश्न विचारला. सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते अकराचे आकडे एका बैठकीत लिहिलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं. लॉगबुकाची फेरनक्कल त्या आठवड्यात मी केली होती, त्यामुळे अक्षर सगळीकडे माझंच होतं. अक्षरावरून काही कळणं शक्य नव्हतं. पण सोमवार-गुरुवारची सकाळ दुसऱ्या ऑपरेटरची होती, आणि तो चहाला बसला की चार तासांचे आकडे एकदम भरतो हे मला माहीत होतं. मी म्हणालो, दुसरा.

त्यांनी पुस्तक मिटलं. "आकडा हलला पाहिजे. जो आकडा हलत नाही, तो कोणीतरी धरून ठेवलेला असतो."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

डॉ. दिगंबर राऊत. वय तेव्हा एकाहत्तर. वडिलांची गावाबाहेर तीन एकर बागाईत. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माल मालेगावच्या नाहीतर वाशिमच्या बाजारात जायचा. त्या घरातला हा मुलगा भौतिकशास्त्र शिकला, डॉक्टरेट केली आणि कंपन्यांच्या प्रयोगशाळांत गेला. चौतीस वर्षं नोकरी. त्यातली शेवटची सव्वीस वर्षं ते प्रमुख होते, एकामागून एक तीन प्रयोगशाळांचे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर परत आले आणि थोरल्या भावाच्या घरात एक खोली घेऊन राहिले. भाऊ तोवर गेलेले होते. घरात गोदावरीवहिनी होत्या. त्यांचा मुलगा प्रकाश पुण्याला.

सर बाहेर काय करत होते हे गावात कोणाला नीट सांगता येत नसे. मी वहिनींना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "लय मोठ्या जागेवर व्हते. काय करत व्हते ते त्यायलेच मालूम. मले तं वाटते लोकायले घाबरवाची नोकरी असन."

ते फारसं चुकीचं नव्हतं. सरांनी मला स्वतःच सांगितलं होतं, "पहिली आठ वर्षं मी मोजमापं घेतली. पुढची सव्वीस वर्षं दुसऱ्यांची मोजमापं वाचली. लोकांना वाटतं प्रयोगशाळेचा प्रमुख शोध लावतो. तो फक्त कोणतं काम चालू ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं एवढं ठरवतो."

बंद करण्याची एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. एका लोहचुंबकाच्या कामावर अकरा माणसं पाच वर्षं बसली होती. सरांनी शुक्रवारी जेवण झाल्यावर फाइल वाचायला घेतली आणि चार वाजता काम बंद केलं. भट्टीचं बटण स्वतः जाऊन दाबलं. तेवढी मोठी भट्टी थंड व्हायला दोन दिवस लागतात. शनिवारी आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सर एकटे तिथे जाऊन तिचं तापमान दर तासाला लिहीत होते. मी विचारलं, काम तर बंद झालं होतं, मग कोणासाठी लिहीत होता? ते म्हणाले, "भट्टीसाठी."

विनोद असेल म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

नव्या माणसाला नोकरीवर घेताना ते त्याला एक लोखंडी कांब आणि एक मोजपट्टी देत. दहा वेळा मोज आणि दहा आकडे लिहून आण. मुलं चांगल्या कॉलेजांतून आलेली असत. बरीचशी दहाच्या दहा आकडे सारखे लिहीत, कारण कांब तर एकच आहे. त्यांना सर परत पाठवत. ज्याचे आकडे थोडे पुढे-मागे होत तो आत. कांब बदलत नसली तरी डोळा बदलतो, हात बदलतो, पट्टी ठेवण्याची जागा बदलते. खरं मोजलेलं थोडं थरथरतं. न थरथरणारं मोजमाप म्हणजे माणसाने पहिलं मोजलं आणि उरलेले नऊ कागदावर बसून लिहिले.

हीच परीक्षा त्यांनी वहिनींचीही घेतली होती. एकच वांगं दहा वेळा तराजूवर ठेवायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला वहिनींनी वांगं त्यांच्या हातात दिलं. "भाऊजी, वांगं काय दर बारीले येगळं भरते काय? तुमी बसा मोजत. मले भाजी टाकाची हाय." सर म्हणाले, या बाईला मी लगेच घेतलं असतं, हिने खोटे सात आकडे लिहिले नाहीत.

त्यांच्यापाशी बसणं सोपं नव्हतं. मी "चार-साडेचारला येतो" म्हणालो की ते विचारत, "चारच्या अलीकडे की साडेचारच्या पलीकडे?" 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. समोरचा बोलायला लागला की ते घड्याळाकडे बघत, आणि बोलून झालं की पुन्हा बघत. आवाज कधी चढत नसे. बोलताना ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत नसत. तुमच्या खांद्यामागे कोणी बोलत असावं आणि ते त्याचं ऐकत असावेत, असं बघत. माझी बायको शोभा एकदाच त्यांना भेटली. घरी आल्यावर म्हणाली, "त्यायनं माह्यामांगं कोनाले पाह्यलं हो?"

लॉगबुकाच्या त्या दिवसानंतर आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांना दुसरा माणूस हवा होता.

त्यांच्या प्रयोगशाळांत एक शिस्त होती. महत्त्वाचं कुठलंही मोजमाप दोन माणसांनी वेगवेगळं घ्यायचं. एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांची वही बघायची नाही. महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी उघडायच्या. इथे मोजायचं काय होतं, तर वडिलांची जुनी कोरडी विहीर. चाळीस फूट खोल, तळाशी गाळ आणि दगड. विहिरीवर आडवी लाकडी तुळई होती. तिच्या मध्यातून सरांनी एक पोलादी तार सोडली आणि खाली चुना फासलेला जड गोटा लटकवला. तळावर चुन्याची रेघ ओढून घेतली. गोटा एका बाजूला दोऱ्याने ओढून धरायचा आणि दोरा काडीने जाळायचा. म्हणजे हात न लागता गोटा सुटतो. मग पन्नास हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते दोघांनी आपापल्या हातातल्या घड्याळावर मोजायचं. घड्याळं शतांश सेकंद दाखवणारी, आवाज बंद केलेली.

आम्हा दोघांच्या मध्ये, विहिरीच्या तोंडावरून, पोती शिवून केलेला पडदा टांगलेला असे. एकाला दुसऱ्याचा अंगठा दिसू नये म्हणून. वहिनींनी पहिल्या दिवशी तो बघितला आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अंतरपाट धरला काय भाऊजी? या वयात? अन् नवरी ह्या वानखड्यायची?"

मी सकाळच्या शिफ्टवरून दोनला सुटायचो. तीनला विहिरीवर. हे कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, सवय जाऊ नये म्हणून. मला ते पुरलं. मला स्वतःला आकडे लिहायला आवडतात. माझ्या घरी पाण्याच्या टाकीची पातळी रोज लिहिलेली असते.

पन्नास हेलकाव्यांना पाच मिनिटं पन्नास सेकंद लागत, आणि वर काही शतांश. पहिल्या महिन्याअखेर वह्या उघडल्या. कुठल्याही दिवशी त्यांचा आणि माझा आकडा जुळत नव्हता. सर्वांत कमी फरक चार शतांशाचा, सर्वांत जास्त सदतीस शतांशाचा. माणसाचा अंगठा तेवढा मागेपुढे होतोच. सर इतके खूश झाले की वहिनींना दुसरा चहा ठेवायला सांगितला.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही पडवीत बसलो. त्यांनी त्यांची वही उघडली, मी माझी. एक ते आठ तारखेपर्यंत फरक होते, नेहमीसारखे. नऊ तारखेला त्यांच्याकडे पन्नास पूर्णांक एक्केचाळीस होतं. माझ्याकडे पन्नास पूर्णांक एक्केचाळीस होतं. दहा तारखेला दोघांकडे अठ्ठावन्न. अकराला दोघांकडे तेहतीस.

आकडा रोज वेगळा होता. पण दोघांचा एकच होता. माझ्या ड्युटीमुळे तीन दिवस चुकले होते ते सोडले, तर सलग एकोणीस दिवस.

सरांनी बोट ओढत दोन्ही वह्या दोनदा तपासल्या. मग वहीवरून नजर न काढता बोलले. इतक्या वर्षांची शुद्ध भाषा त्या वेळी गळून पडली होती.

"तुमी माही वही पाह्यली काय, वानखडे?"

मला राग आला. बावीस वर्षांत एक आकडा मी बसल्या जागी लिहिलेला नाही, आणि हे त्यांना माहीत होतं, त्याच कारणाने त्यांनी मला घेतलं होतं. त्यांची वही त्यांच्या ट्रंकेत कुलपात असे. मी एवढंच म्हणालो, "सर, मला जे दिसलं ते मी लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले.

त्या दिवशी त्यांनी मला गोपालनबद्दल सांगितलं.

सरांच्या शेवटच्या प्रयोगशाळेत केबलवरच्या आवरणाचं काम चालत असे. आवरण किती वर्षं टिकेल हे बघायला त्याचे तुकडे भट्टीत महिनोन्महिने तापवायचे आणि ठरावीक दिवसांनी त्यांचं माप घ्यायचं. गोपालन नावाचा एक माणूस हे काम दोन भट्ट्यांत, दोन वेगळ्या यंत्रांवर करत होता. तेव्हा वय पंचेचाळीसच्या आसपास, मितभाषी, कामाला पक्का. एका तिमाहीला त्याचे दोन्ही तक्ते सरांसमोर आले. दोन भट्ट्या, दोन यंत्रं, चाळीस तुकडे, आणि आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे. सरांनी त्याला खोलीत बोलावलं. गोपालन इंग्रजीत म्हणाला की मला जे दिसलं ते मी लिहिलं. सर म्हणाले की आकडा हलला पाहिजे. अर्ध्या तासात विषय संपला. सरांनी त्याला काढण्याच्या कागदावर सही केली. आकडे बनवले, असा शेरा असलेल्या माणसाला पुढे कुठल्याही प्रयोगशाळेने घेतलं नाही. तो कोइमतूरजवळच्या आपल्या गावी गेला. चार वर्षांनी, पन्नाशीच्या आतच, वारला. आजाराने, असं सरांच्या कानावर आलं.

त्यानंतर दरवर्षी एकाच महिन्यात सरांना एक पत्र येत होतं. त्याच्या बायकोचं. अंबिका त्यांचं नाव. सरांनी ट्रंकेतून सहा पत्रं काढून माझ्यासमोर ठेवली. सहाही पत्रांत एकच ओळ होती, थोडीही न बदललेली: माझ्या नवऱ्याने ते आकडे बनवले, असं तुम्ही अजूनही म्हणता का?

"मी उत्तर दिलं नाही," सर म्हणाले. "माझ्याकडे उत्तर द्यायला मोजमाप नव्हतं. म्हणून ही विहीर. दोन प्रामाणिक माणसांचे आकडे कधी तरी शेवटच्या अंकापर्यंत जुळतात का, एवढंच बघायचं होतं. एखादा दिवस. फार तर दोन."

मी घरी येऊन हिशेब केला. रोजच्या फरकाला पंधरा वेगवेगळ्या शक्यता आहेत असं कमीत कमी धरलं, तरी एकोणीस दिवस सलग फरक शून्य यायचा तर ते तेवीस आकडी संख्येत एकदा घडेल. मी ती संख्या पूर्ण लिहून काढली. शोभाने विचारलं हे काय, मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या हिरीपाशी जाऊ नोका आता. काहून जाता? तुमच्यावाचून तिचं काय अडून राह्यलं?"

मी गेलो. माझ्या शब्दावर संशय घेतला गेला होता, तो तसाच ठेवून मला स्वस्थ बसवलं नसतं.

तिसऱ्या महिन्यात सरांनी सगळं बदललं. आम्ही जागा बदलल्या. घड्याळं बदलली. त्यांनी तिसऱ्या हेलकाव्यापासून मोजायला सुरुवात करायची आणि मी दहाव्यापासून, म्हणजे दोघांचे पन्नास हेलकावे वेगवेगळे. वह्या रोज लगेच उघडायच्या. पहिल्या दिवशी फरक शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. असे बारा दिवस.

वातावरण बदललं, पक्षी गप्प झाले, असं काही झालं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. लखलखीत ऊन असायचं. होले घुमत असायचे. शेजारच्या वावरात पंप चालू असायचा आणि वहिनी मिरच्या तोडत असायच्या. सगळं जसंच्या तसं होतं, आणि खाली पांढरा गोटा आवाज न करता जात-येत होता, आणि पडद्यापलीकडे एक माणूस होता ज्याचा अंगठा माझ्या अंगठ्यासोबत हलत होता. आठव्या-नवव्या दिवसापासून मला पडद्यापलीकडे कोण आहे याची खात्री वाटेना. मी मुद्दाम खोकायचो. सरही खोकायचे. मग बरं वाटायचं.

तेराव्या दिवशी मला ताप आला. एकशे दोन. मी जाऊ शकलो नाही, आणि तसा निरोप पाठवला. दुपारी खाटेवर पडलो होतो. सरांनी दिलेलं घड्याळ खिळ्याला होतं. तीन वाजून काही मिनिटांनी मी उठलो आणि ते हातात घेतलं. का घेतलं ते मला सांगता येत नाही. मी बटण दाबलं आणि मनात पन्नास मोजले. विहीर माझ्या घरापासून अडीच किलोमीटरवर आहे. मला काही दिसत नव्हतं. पन्नासला अंगठा आपोआप खाली गेला. पाच मिनिटं, पन्नास पूर्णांक सत्तावीस. मी ते वहीत लिहिलं, कारण घड्याळात तो आकडा होता. समोर कंसात लिहिलं: घरी, तापात, गोटा न बघता.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले. ते कोणाच्या घरी जात नसत. शोभाने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. काल एकट्याने मोजलं म्हणाले, आणि त्यांची वही उघडली. पन्नास पूर्णांक सत्तावीस.

माझा आकडा त्यांना सांगावा की नाही, या विचारात माझे काही क्षण गेले, ते कबूल करतो. सांगितला नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. मी गादीखालून माझी वही काढली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी कंसातली ओळ दोनदा वाचली. मग खाटेच्या कडेला बसले.

मी विचारलं, "यावरून काय सिद्ध होतं, सर?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "कदाचित गोपालनने बनवलेच असतील. मला माहीत नाही. कधीच कळणार नाही." मग म्हणाले, "तुम्ही जे दाखवलं त्यावर मी विश्वास ठेवतो आहे, वानखडे. गोपालनच्या आकड्यांपेक्षाही अशक्य गोष्टीवर. कारण तुम्हाला मी तीन महिने ओळखतो. त्याला नऊ वर्षं ओळखत होतो. आणि त्याला मी अर्धा तास दिला."

शोभा दारात उभी होती. तिने नुसता पदर सारखा केला आणि पाणी आणायला आत गेली.

पत्राने उत्तर देणार नाही, स्वतः जाणार, असं त्यांनी तिथेच ठरवलं. दोन्ही वह्या सोबत न्यायच्या होत्या. त्यासाठी मला माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर सही करायची होती, तापाच्या पानावरही. ते पान माझ्यासाठी सोपं नव्हतं. ज्याने लॉगबुकात एक आकडा खोटा लिहिला नाही, त्याच्या सहीनिशी अशी ओळ बाहेर जाणार होती, की जी वाचून कोणीही शहाणा माणूस म्हणेल, याने बनवलं. गोपालनच्या जागी मी बसणार होतो. सरांनी घाई केली नाही. हेही म्हणाले की नको असेल तर ते पान काढून घ्या, मी काही म्हणणार नाही. मी सही केली. तारीख आणि वेळही घातली.

पुढचं मला प्रकाशकडून कळलं ते सांगतो. सर पोहोचले. अंबिकाबाईंच्या घरी दोन दिवस राहिले. बाईंनी दोन्ही वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. त्या एका शाळेत गणित शिकवायच्या. माझ्या तापाच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या आणि हा माणूस कोण, असं विचारलं. सरांनी बाईंच्याच पत्राच्या मागे उत्तर लिहून दिलं: नाही, मी तसं म्हणत नाही, मी तेव्हा चुकीची सही केली. खाली नाव, हुद्दा आणि प्रयोगशाळेचं नाव. बाईंनी तो कागद मुलीला वाचायला दिला. वह्या त्यांनी ठेवून घेतल्या. परतीच्या वाटेवर सर प्रकाशकडे पुण्याला उतरले आणि चौथ्या दिवशी सकाळी झोपेतच गेले. सातवं पत्र आलं नाही.

त्यानंतर मी एकदा विहिरीवर गेलो. गोदावरीवहिनींना पडद्याच्या पलीकडे उभं केलं आणि घड्याळ दिलं. त्या मोजताना मध्येच माझ्याशी बोलल्या, त्यामुळे एक हेलकावा सुटला असेल असं धरून आम्ही पुन्हा मोजलं. फरक एकतीस शतांशाचा आला. तिसऱ्यांदा बावीस. मी तार सोडवून घेतली.

मला सरांचं शेवटचं दर्शन झालं ते शिरपूरच्या बसस्टँडवर, ते अंबिकाबाईंकडे निघाले त्या सकाळी. दहाची वाशिम गाडी. देवदर्शन आटोपलेले यात्रेकरू खूप होते, त्यामुळे गाडी भरली होती. सरांना डाव्या बाजूची दोन जणांची सीट मिळाली. ते खिडकीशी बसले नाहीत. खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला बसले, वह्यांची पिशवी मांडीवर. मी खाली, खिडकीशी उभा होतो. उभ्या असलेल्या एका बाईने ती जागा मागितली. सरांनी मान हलवली आणि काहीतरी हळू बोलले. बाई त्या जागेकडे बघत राहिली आणि पुढे सरकली. एवढी गर्दी असून दुसऱ्या कोणी ती मागितली नाही. मी मोजलं. अकरा माणसं उभी होती.

कंडक्टर बाई तिकिटं फाडत आल्या. सरांचे पांढरे केस बघून म्हणाल्या, "काका, पासष्टच्या वरचे ना? अर्धं देते."

"एक अर्धं," सर म्हणाले. "एक पूर्ण."

कंडक्टर बाईंनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, मग बाहेर माझ्याकडे. मी प्रवासी नाही, हे त्यांना दिसत होतं. "पूर्न कोनाचं, काका?"

सरांनी खिडकीच्या बाजूला वळून बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या अलीकडे. मग त्या बाईंना नीट समजावं अशा आवाजात सांगितलं, "त्याचं वय पासष्ट झालं नाही."